नमुना आणि चिठ्ठी

नीतीचे मोठे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उपस्थित होतात, अशी आपली एक समजूत असते. सत्य सांगावें कीं न सांगावें, हा प्रश्न न्यायासनापुढें किंवा राजदरबारीं उभा राहिला म्हणजे आपण तो ओळखतों. परंतु तोच प्रश्न लोकरीच्या टोपलींत येऊन बसला तर त्याच्याकडे आपलें लक्षहि जात नाहीं. वस्तुतः जेथें कोणी पाहत नाहीं, कोणी विचारीत नाहीं आणि चुकल्यास दंडहि होत नाहीं, तेथेंच मनुष्याच्या सत्यनिष्ठेची परीक्षा अधिक खरी होते. असें एक अगदीं लहानसें, सहा इंच लांबीरुंदीचें ठिकाण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें म्हणजे स्वेटर विणण्यापूर्वीं विणून पाहण्याचा नमुन्याचा तुकडा, आणि त्याला बांधावयाची चिठ्ठी.

ज्या घरांत विणकाम चालतें तेथें हा तुकडा परिचयाचा असतो; इतरांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. विणकामाच्या पुस्तकांत एखाद्या स्वेटरची कृति दिलेली असते, तेव्हां तिच्या आरंभीं एक अट घातलेली असते: अमुक जाडीच्या सुयांवर, अमुक लोकरीनें, एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशा विणीचे २२ टाके आणि ३० ओळी म्हणजे १० सेंटिमीटर भरले पाहिजेत. पुढचे सारे आकडे या अटीवर उभे असतात. समजा, छातीचा घेर ९६ सेंटिमीटर हवा आहे. १० सेंटिमीटरांत २२ टाके या हिशेबानें सुमारें २११ टाके लागतील. पण विणणारीचा हात थोडा सैल असला आणि तिच्या विणींत १० सेंटिमीटरांत २० च टाके बसले, तर त्याच २११ टाक्यांचा घेर १०५.५ सेंटिमीटर होईल. तुकड्यावर जो फरक दोन टाक्यांचा, तोच अंगावर साडेनऊ सेंटिमीटरांचा होऊन बसतो. म्हणून जाणती बाई प्रथम सुमारें १५ सेंटिमीटरांचा एक चौकोन विणते, कडेचे टाके वळतात व ओढले जातात म्हणून ते सोडून मधले मोजते, आणि मगच पाठीचे टाके सुईवर घालते.

या युक्तीच्या मागें असलेला तर्क आपल्या ओळखीचा आहे. शितावरून भाताची परीक्षा, असें आपण म्हणतों. शास्त्रकारांनीं त्यालाच स्थालीपुलाकन्याय असें नांव दिलें. मात्र हा न्याय कोठें लागू पडतो याचा विचार सहसा होत नाहीं. पातेल्यांतील एक शीत दाबून आपण साऱ्या भाताविषयीं निःशंक होतों, याचें कारण सर्व दाण्यांस एकच पाणी, एकच विस्तव आणि एकच अवधि मिळालेला असतो. नमुन्याचा तुकडा आणि स्वेटर यांची लोकर एक असते, सुया एक असतात. परंतु विस्तव एक असतोच असें नाहीं. तुकडा दुपारच्या निवांत वेळीं, डोळा ठेवून विणला जातो. स्वेटर महिनाभर चालतो: आगगाडींत, आजाऱ्याच्या उशाशीं, कधीं मनांत राग असतांना, कधीं गप्पांच्या भरांत. मनाचा ताण बोटांत उतरतो आणि बोटांचा ताण धाग्यांत. शिवाय तुकडा बहुधा धुतलेला नसतो, स्वेटर मात्र धुतला जाणारच. पाण्यांतून निघून वाळल्यावर वीण बदलते. यंत्रांत धुतां यावी म्हणून जिच्यावर प्रक्रिया केलेली असते अशी लोकर तर पुष्कळदां चांगलीच सैल होते. न धुतलेला तुकडा खोटें बोलत नाहीं. पण त्याला ठाऊक आहे तेवढेंच तो सांगतो, आणि तें अर्धेंच असतें.

नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं. त्यांपैकीं तीन तरी या सहा इंचांत एकत्र नांदतात. तुकडा डोळ्यांपुढें आहे, टाके बोटानें मोजतां येतात: हें प्रत्यक्ष. त्यावरून अद्याप न विणलेल्या स्वेटरचा घेर ठरवावयाचा: हें अनुमान. पण हा तुकडा कोणत्या सुयांवर विणला, लोकर कोणती, तो धुतलेला आहे कीं नाहीं, हें त्याच्याकडे कितीहि वेळ पाहून निश्चित कळत नाहीं. तें कोणी तरी सांगावें लागतें: हें शब्दप्रमाण. नैयायिकांनीं जो शब्द प्रमाण मानला तो वाटेल त्याचा नव्हे, आप्ताचा. आणि आप्त म्हणजे येथें सोयरा नव्हे, तर ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. तुकड्याला बांधलेली चिठ्ठी हें असें आप्तवचन आहे. तिच्यावांचून राहिलेला तुकडा मऊ असेल, सुंदरहि असेल, पण मुका.

मग ही चिठ्ठी लिहिली कां जात नाहीं? आळस हें उत्तर पुरेसें नाहीं. कारण जी बाई दोन तास बसून तुकडा विणते तिला दोन ओळी लिहिण्याचा कंटाळा यावा, हें संभवत नाहीं. खरें कारण असें, कीं त्या घटकेला लिहिण्याची गरजच भासत नाहीं. सुया हातांत असतात, लोकरीचा गुंडा मांडीवर असतो. सर्व कांहीं इतकें उघड असतें कीं तें कधीं विसरेल ही कल्पनाच हास्यास्पद वाटते. 'माझ्या लक्षांत राहील', या तीन शब्दांत मनुष्याचा केवढा गर्व सांठलेला आहे! आज जी मी आहें तीच मी दोन वर्षांनीं असेन, हीच स्मृति आणि हेंच लक्ष तेव्हांहि मजजवळ असेल, असें आपण गृहीत धरून चालतों. परंतु दोन वर्षांनीं डबा उघडणारी व्यक्ति ही आजच्या विणणारीची वारस असते. आजची दुपार तिच्यापाशीं नसते. तिच्या हातीं निळ्या लोकरीचे दोन तुकडे येतात, एकाची वीण दाट, एकाची विरळ. कोणता कोणत्या सुईचा, हें एखाद्या परक्या बाईला जितकें अज्ञात तितकेंच तिलाहि. परक्याशीं खोटें बोलूं नये हें आपण मानतों. त्याला जाणूनबुजून अंधारांत ठेवूं नये हेंहि मानतों. मग उद्यांच्या स्वतःला अंधारांत ठेवणें ही केवळ गैरसोय कां समजावी? आपल्या भावी रूपाविषयींहि आपलें कांहीं कर्तव्य असतें, आणि तें आप्ताचें कर्तव्य आहे: जें जाणलें तें, जाणलें तसें, सांगून ठेवणें.

आतां लिहावयाचें काय? 'आठ नंबरची सुई' एवढें पुरेसें वाटतें, आणि तेथेंच अडचण आहे. इंग्लंडांतील जुन्या मोजणीप्रमाणें, जी आपल्याकडेहि रूढ झाली, आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची. अमेरिकेंतील मोजणीप्रमाणें तीच आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरांची. एवढेंच नव्हे, तर या दोन मोजण्या उलट दिशांनीं चालतात. इंग्रजी आकडे तारेच्या मापांवरून आलेले; तार जितकी बारीक तितका आकडा मोठा. म्हणून तेथें १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटरांची बारीक सुई. अमेरिकेंत मात्र आकडा वाढला कीं जाडीहि वाढते. लिहिणारीच्या दृष्टीनें 'आठ नंबर' हें सत्यच होतें. परंतु जें सत्य सांगणाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर पडतांच असत्य होतें, तें पुरतें सांगितलेलें नसतें. आपल्याला खरें वाटतें तें उच्चारलें म्हणजे सत्य सांगून झालें असें नाहीं. ऐकणाऱ्याला तें खरें कळेल, इतकी काळजी त्यांत घ्यावी लागते. म्हणून मिलिमीटर लिहावे. लोकरीच्या गुंड्यावरील कागदी पट्टींत लोकरीचें नांव, वजन, धाग्याची लांबी आणि एका वेळीं रंगविलेल्या मालाचा क्रमांक असतो. ती पट्टी फेंकून न देतां चिठ्ठीबरोबर ठेवावी. धुण्यापूर्वींचें माप आणि धुऊन वाळल्यानंतरचें माप अशीं दोन्ही मापें लिहावीं. विणीचा प्रकार लिहावा, तारीख लिहावी, आणि विणणारीचें नांव लिहावें. नांव कशासाठीं, तें पुढें सांगतों.

चिठ्ठी सुटून पडते, शाई पाण्यानें जाते. म्हणून कांहीं विणणाऱ्या सुईचें माप तुकड्यांतच गुंतवून ठेवतात. शेवटीं सोडलेल्या धाग्याला सुईच्या मिलिमीटरांइतक्या गांठी मारतात, ४ मिलिमीटरांस चार गांठी. किंवा विणतांनाच सुईच्या आकड्याइतकीं जाळीचीं छिद्रें ओळींत पाडतात. आपल्याकडे दानपत्रें ताम्रपटावर कोरीत, त्यांतला हेतु हाच. जी साक्ष वस्तूपासून वेगळी करतां येते ती हरवतेहि. जी वस्तूच्या घडणींतच गुंतलेली असते ती वस्तु असेपर्यंत टिकते. मात्र गांठीला एक आकडाच सांगतां येतो. लोकर कोठली, हात कोणाचा, हें सांगण्यास अखेर अक्षरच लागतें.

याहून कठीण प्रश्न पुढें आहे. तुकड्याचें माप जुळलें नाहीं म्हणजे तो उसवून लोकर पुन्हां गुंड्यास लावण्याकडे हात वळतो. मध्यम स्थितीच्या घरांत याला सद्गुणच समजतात. लोकर महाग असते, आणि शेवटच्या बाहीला नेमकी तेवढीच कमी पडावी, ही शंका खोटी नसते. काटकसर आणि सत्य यांचा येथें खरोखरीचा झगडा आहे, आणि त्यांत काटकसरीची बाजू क्षुद्र ठरविणें अन्यायाचें होईल. परंतु जुळलेले तुकडे ठेवावयाचे आणि न जुळलेले उसवावयाचे, असा क्रम चालला तर डब्यांत शेवटीं काय उरतें? जिच्यांत हात कधीं चुकलाच नाहीं, अशी एक कहाणी. त्या कहाणींतील प्रत्येक चिठ्ठी खरी असते आणि सर्व मिळून मात्र तीं खोटी होते. पुढें कोणी विचारील, ही लोकर साडेचार मिलिमीटरांच्या सुईवर कशी होते? उत्तर एकदां मिळालेलें होतें. तें उसवलें गेलें. न जुळलेला तुकडा हा बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचें बरोबर उत्तर असतो. लोकरीच्या गरजेपोटीं तो उसवावाच लागला, तर निदान त्याचें माप वहींत उतरून मग उसवावा. वस्तु गेली तरी साक्ष राहावी, एवढी तडजोड काटकसरीलाहि मान्य व्हावी.

तुकडे वाढले म्हणजे त्यांच्या मांडणीचा प्रश्न येतो. ते लोकरीच्या जाडीप्रमाणें लावावे, विणीच्या प्रकाराप्रमाणें, तारखेप्रमाणें कीं रंगाप्रमाणें? जाडीप्रमाणें लावले तर 'घरांत ही लोकर आहे, हिचें काय होईल?' या प्रश्नाला उत्तर मिळतें. विणीप्रमाणें लावले तर 'ही नक्षी मला हवी आहे' असें म्हणून येणारीची सोय होते. तारखेप्रमाणें लावले तर हाताचा इतिहास दिसतो. नवशिकेपणीं घट्ट असलेला हात पुढें कसा सैलावला, हें टाके मोजून सांगतां येतें. रंगाप्रमाणें लावले तर डोळा सुखावतो, पण मापाचा एकहि प्रश्न सुटत नाहीं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनीं १९३३ सालीं आपली द्विबिंदु वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध केली, तींत त्यांना याच अडचणीला तोंड द्यावें लागलें होतें: ग्रंथाच्या विषयाला अंगें अनेक असतात, आणि फळीवर जागा मात्र एकच मिळते. त्यावर घरगुती उपाय एवढाच, कीं तुकडे एका क्रमानें ठेवावे आणि वही दुसऱ्या क्रमानें लिहावी. मांडणी करणारा मनुष्य वस्तूंविषयीं जेवढें सांगतो, त्याहून अधिक तो पुढें येणाऱ्या प्रश्नकर्त्याविषयीं सांगत असतो. त्यानें कोणाची वाट पाहिली, हें त्याच्या मांडणीवरून कळतें.

येथें कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप कशाला? पूर्वींच्या आजीबाईंनीं जन्मांत एक चिठ्ठी लिहिली नाहीं, आणि त्यांचे स्वेटर बेतशीर होत. या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. परंतु त्या आजीबाईंची लोकर बहुधा एकाच दुकानची, सुया त्याच, आणि नेसतीं-लेतीं माणसें घरचीं असत. नातवाला समोर उभा करून अर्धवट विणलेली पाठ त्याच्या पाठीला लावून पाहतां येत असे. प्रत्यक्ष हाताशीं असलें म्हणजे शब्दाचें काम पडत नाहीं. जेथें कृति परदेशीं छापलेल्या पुस्तकांतली, लोकर परगांवची आणि अंग दूरदेशीं नोकरीस असलेल्या मुलाचें, तेथें हाताची आठवण पुरी पडत नाहीं. इंग्लंडांत जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) यांनीं 'निटिंग विदाउट टिअर्स' या आपल्या १९७१ सालच्या पुस्तकांत आजीबाईंचें स्वातंत्र्य आणि मोजणाऱ्याची शिस्त यांचा मेळ घातला. छापील आकड्यांची गुलामगिरी नको. आपल्या विणीचें माप प्रामाणिकपणें काढा, त्यानें अंगाचा घेर गुणा, आणि आपला स्वेटर आपणच बेता, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. नमुना म्हणून नुसता चौकोन न विणतां एखादी टोपीच विणावी, असेंहि त्या सुचवीत. सत्य आणि काटकसर यांचा झगडा मिटविण्याचा हा उपाय मोठा मार्मिक आहे. तरी पण ती टोपी कोणाच्या डोक्यावर बसून घराबाहेर जाते, आणि माप लिहून ठेवलें नसेल तर साक्षहि तिच्याबरोबर जाते.

चिठ्ठीवर विणणारीचें नांव असावें असें वर म्हटलें. त्याचें कारण कळण्यासाठीं लोकर सोडून क्षणभर कापडाकडे, आणि घरांतला डबा सोडून एका प्रसिद्ध नमुनासंग्रहाकडे वळलें पाहिजे. १८६६ सालीं लंडनमधील इंडिया ऑफिसचे डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनीं हिंदुस्थानांतील कापडांचा १८ खंडांचा संग्रह सिद्ध केला. पागोटीं, धोतरें, साड्या, मलमल अशा नाना प्रकारच्या कापडांचे ७०० तुकडे त्यांत होते. असे २० संच तयार करून १३ ब्रिटनमध्यें आणि ७ हिंदुस्थानांत ठेवण्यांत आले. इकडचे लोक काय नेसतात हें विलायतेच्या गिरणीवाल्यांस कळावें, म्हणजे तसला माल त्यांना तयार करतां येईल, हा त्यांतला एक उघड हेतु होता. नमुने व्यवस्थित लावलेले, आणि त्यांच्याबरोबर लांबी, रुंदी, वजन, ठिकाण यांची नोंद. आज त्या काळच्या वस्त्रांचा अभ्यास करणाऱ्यांस हा संग्रह अमोल वाटतो, आणि तो तसा आहेहि. विणकराचें नांव मात्र त्या चिठ्ठ्यांवर नाहीं. नोंद खरी असून भागत नाहीं, ती कोणासाठीं लिहिली आणि तींतून कोणाला वगळलें, हेंहि विचारावें लागतें, ही गोष्ट त्या अठरा खंडांवरून शिकण्यासारखी आहे.

विणकामांत तर ही गोष्ट नुसत्या कृतज्ञतेची राहत नाहीं. तीच लोकर, त्याच सुया आणि तीच वीण दोघींच्या हातीं द्या. एकीचे १० सेंटिमीटरांत २० टाके बसतील, दुसरीचे २३. हात हा मापाचाच एक घटक आहे. चिठ्ठींत लोकर लिहिली, सुई लिहिली आणि हात लिहिला नाहीं, तर ती कृतघ्न होते एवढेंच नव्हे, ती चुकीचीहि होते. ज्याच्या श्रमानें वस्तु झाली त्याला विसरणें आणि वस्तूचें माप चुकणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत असें आपण समजतों. या तुकड्यापुरत्या तरी त्या एकच आहेत.

एक दिवस हा डबा दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं जावयाचाच आहे. समजा, सासूबाई गेल्या आणि त्यांच्या सुयांवर नातवाचा अर्धा स्वेटर राहिला. सून तो पुरा करूं म्हणते. डब्यांत तिला त्याच लोकरीचा तुकडा सांपडतो आणि त्याला बांधलेली चिठ्ठी: सुई ४ मिलिमीटर, धुतल्यावर १० सेंटिमीटरांत २३ टाके, तारीख, नांव. ती स्वतः त्याच सुईवर एक तुकडा विणून पाहते. तिचे २१ च भरतात. म्हणजे सासूबाईंचा हात घट्ट, आपला सैल. आपण बारीक सुई घेतली पाहिजे, हें तिला कळतें. ती साडेतीनची सुई घेते, पुन्हां तुकडा विणते, धुते, वाळवते, मोजते आणि माप जुळल्यावर पुढची ओळ सुरू करते. एक हात कोठें थांबला आणि दुसरा कोठें सुरू झाला, हें अंगावर घातलेल्या स्वेटरांत कोणाला दिसणार नाहीं. डब्यांतल्या चिठ्ठीवर मात्र तें दिसेल. कारण जुन्या नांवाखालीं सुनेनें आपलें माप, तारीख आणि नांव लिहून ठेवलेलें असेल.